वीस पिस्तुलं आणि साडेनऊ महिने

मागच्या पावसाळ्यात मी परदेशातल्या एका अभिलेखागाराकडे साठेक पानांच्या स्कॅनची मागणी नोंदवली. पैसे भरले, पावती आली आणि त्यानंतर काहीच नाही. दर पंधरा दिवसांनी मी विचारायचो, दर वेळी तेच उत्तर: तुमची मागणी प्रक्रियेत आहे. ज्यांनी पीएचडीला नाव नोंदवलंय किंवा नोंदवायच्या बेतात आहेत, त्यांनी या वाक्याशी आत्ताच ओळख करून घ्या.

गंमत अशी की मी जे कागद मागवले होते तेही एका परदेशातून मागवलेल्या मालाबद्दलचे होते. त्या मालाची वाट नाशकात बघितली जात होती, सन १९०९ मध्ये. माल म्हणजे वीस ब्राउनिंग पिस्तुलं.

गोष्टीचा सांगाडा तुम्हाला माहीत असेल. नाशिककरांना तर असतोच. गोल्फ क्लबच्या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान म्हणतात ते सकाळी तिथे चालायला येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लंडनहून विनायक दामोदर सावरकरांनी पिस्तुलं पाठवली, त्यातल्या एकाने अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन याला गोळ्या घातल्या. शाळेच्या पुस्तकात हे एका वाक्यात बसतं. पाठवली, मारला. मधे स्वल्पविराम.

माझं म्हणणं असं की तो स्वल्पविराम साडेनऊ महिन्यांचा आहे. संशोधन करणाऱ्याने बघायचं ते त्याच्या आत.

तारखा एकेक करून मांडू. हे काम शक्यतो हाताने करा, कागदाची लांब पट्टी घेऊन. संगणकावरच्या तक्त्यात सगळ्या ओळी सारख्याच उंचीच्या दिसतात आणि दोन नोंदींमधलं रिकामं अंतर डोळ्यांना दिसतच नाही.

फेब्रुवारी १९०९. पॅरिसमधून वीस ब्राउनिंग पिस्तुलं आणि काडतुसं मिळवली जातात. ब्राउनिंग हे अमेरिकन कारागिराचं नाव, पण ही पिस्तुलं बनायची बेल्जियममध्ये, लिएजजवळच्या एर्स्ताल गावातल्या कारखान्यात. जुन्या रिव्हॉल्वरच्या मानाने चपटी, कमी जागेत मावणारी. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये चतुर्भुज अमीन नावाचा माणूस स्वयंपाक करत असे. तो हिंदुस्थानात परत निघाला होता. त्याच्या पेटीला खोटा तळ बसवला गेला आणि पिस्तुलं त्या तळाखाली गेली.

बोटीने मुंबई गाठायला तेव्हा दोनतीन आठवडे लागत. एकदा पेटी बोटीवर चढली की पाठवणाऱ्याच्या हातात काही उरत नव्हतं. तार करायची सोय होती, पण असल्या मालाची तार कोण करणार?

आणि इथेच घोटाळा झाला. पेटी समुद्रात असतानाच, फेब्रुवारी संपता संपता, नाशकात बाबाराव म्हणजे गणेश दामोदर सावरकर यांना अटक झाली. पिस्तुलांसाठी नव्हे, त्यांनी छापलेल्या कवितांसाठी. चतुर्भुज मुंबईला उतरला तो त्यानंतर साधारण आठवड्याभराने. म्हणजे माल आला तेव्हा माल घेणाराच कोठडीत. बाबारावांनी अटकेआधी एका सहकाऱ्याला पिस्तुलं येणार असल्याचं सांगून ठेवलं होतं म्हणून सगळंच बुडालं नाही. पण ज्याच्या भोवती नाशकातलं काम गोळा झालेलं, तिळभांडेश्वर गल्लीतल्या मित्रमेळ्यापासून जो माणूस हे सगळं धरून होता, तोच गेला. पिस्तुलं या हातातून त्या हातात जात राहिली.

आता जरा थांबून हे बघा की पिस्तुलासाठी एवढा खटाटोप का लागत होता. १८७८ चा शस्त्र कायदा, लिटनच्या काळातला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येत नव्हतं, बाहेरून आणता तर मुळीच येत नव्हतं; युरोपियनांना मात्र नियमांमधून सूट होती. काँग्रेसने या भेदाविरुद्ध वर्षानुवर्षं ठराव केले. याच्या शेजारी लंडन ठेवा. १९०३ च्या तिथल्या पिस्तूल कायद्याप्रमाणे दुकानातून पिस्तूल घ्यायला बंदुकीचा परवाना पुरेसा होता आणि तो परवाना दहा शिलिंग भरून पोस्टात मिळत होता. मदनलाल धिंग्रा यांनी त्याच १९०९ च्या जानेवारीत हॉबर्नमधल्या एका मोठ्या दुकानातून कोल्ट पिस्तूल असंच विकत घेतलं, रीतसर. १ जुलैला त्यांनी कर्झन वायलीला मारलं तेव्हा दुकानातला माणूस साक्षीला उभा राहिला आणि विक्रीची नोंद सांगून गेला.

एकच साम्राज्य, एकच वर्ष. लंडनमध्ये हिंदी विद्यार्थी काउंटरवरून पिस्तूल घेऊन बाहेर पडतो आणि नाशिकसाठी तीच वस्तू स्वयंपाक्याच्या पेटीच्या तळाशी लपून येते. वसाहतीचा कायदा म्हणजे काय यावर जाडजूड पुस्तकं आहेत, वाचावीच लागतात. पण मला तो खऱ्या अर्थाने या दोन खरेद्या शेजारी ठेवल्यावर कळला.

तर मार्चमध्ये पिस्तुलं आली. पुढे?

जूनमध्ये बाबारावांना जन्मठेप, काळ्या पाण्याची. त्यांना खटल्यासाठी सेशन्सकडे पाठवणारा अधिकारी म्हणजे नाशिकचा कलेक्टर आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयात अपील फेटाळलं गेलं. डिसेंबरच्या २१ तारखेला गोळ्या झाडल्या गेल्या.

हा क्रम पुन्हा वाचा. जॅक्सनला मारण्याचं कारण म्हणून जे सगळीकडे सांगितलं जातं, बाबारावांच्या शिक्षेचा सूड, ते कारण जूनमध्ये जन्माला आलं. पिस्तुलं त्याआधी तीन महिने मुंबईत उतरली होती. लंडनहून निघाली तेव्हा तर बाबाराव मोकळे होते. म्हणजे जी शिक्षा अजून झालीच नव्हती तिच्या सुडासाठी ती पाठवली गेली असणं शक्य नाही. शस्त्र आधी आलं, निमित्त नंतर. ती पिस्तुलं सशस्त्र क्रांतीच्या सर्वसाधारण तयारीसाठी आली होती, आणि विशिष्ट माणूस, विशिष्ट संध्याकाळ हे नाशकात आणि औरंगाबादेत नंतर ठरलं.

यावर तुम्ही म्हणाल, मग सावरकरांना जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याबद्दल शिक्षा कशी झाली? ३० जानेवारी १९११ ला झाली हे खरं, आणि ती त्यांची दुसरी जन्मठेप. पण कायद्याचा प्रश्न आणि इतिहासाचा प्रश्न एक नसतो. शस्त्रं मारण्यासाठीच पाठवली, त्यांतल्या एकाने मारलं, एवढी साखळी न्यायालयाला पुरते. बळी कोण हे पाठवताना ठरलेलं असायची गरज नाही. आपल्याला मात्र विचारावं लागतं की निर्णय कुठे झाला, कधी, आणि कोणाच्या डोक्यात. निकालपत्र हाती आलं की नवखा संशोधक त्याचीच साखळी आपल्या प्रकरणात उतरवतो. मीही उतरवली होती. माझ्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं, ‘जॅक्सनच्या वधासाठी लंडनहून पिस्तुलं आली’. गाइडनी त्याखाली लाल पेनाने फक्त एक शब्द लिहिला: तारीख?

आता त्या रिकाम्या महिन्यांकडे. कान्हेरे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, औरंगाबादेत शिकणारे, फाशी गेले तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे. नाशकात कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे. तिघांनाही १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. या तरुणांनी ते महिने कसे काढले? शस्त्र येतंय, आलंय, कोणाकडे तरी आहे, आपल्यापर्यंत कधी पोचेल... या वाट बघण्याचा कागद जवळजवळ नाही. त्याचं कारण समजून घेतलं तर पुढे तुमच्या कामाला येईल.

आपल्याकडे आहे ते बहुतेक खटल्यातून आलंय. नाशिक कटाचा खटला अडतीस आरोपींवर चालला. ज्यूरी नाही, उच्च न्यायालयाचे तीन न्यायाधीश, अध्यक्ष मुख्य न्यायमूर्ती बेसिल स्कॉट, सोबत चंदावरकर आणि हीटन. निकाल डिसेंबर १९१० मध्ये. सरकारी बाजूच्या महत्त्वाच्या साक्षीदारांत खुद्द चतुर्भुज अमीन. साक्षीदाराला वकील विचारतो: पेटी कोणी दिली? कोणाला दिलीस? किती नग होते? तो कधीच विचारत नाही की मधले चार महिने तुम्ही काय करत होता, कंटाळला होता का, विचार बदलला होता का. ‘काही घडलं नाही’ हा पुरावा होत नाही. शिवाय स्वतःची मान सोडवून बोलणारा साक्षीदार गोष्ट सरळ रेषेत सांगतो, कारण सरळ गोष्टीवर विश्वास बसतो. त्यामुळे खटल्याच्या कागदांत वेळ आकसून जातो. १९१८ चा राजद्रोह समितीचा अहवाल, ज्याला आपण रौलट अहवाल म्हणतो, तो याच कागदांवर उभा आहे, म्हणून तिथेही तेच. मुंबई सरकारने १९५८ मध्ये छापलेल्या स्वातंत्र्यचळवळीच्या साधनांच्या दुसऱ्या खंडात या प्रकरणाचं बरंच आहे, मराठवाड्यातल्याही कुठल्याशा कॉलेजच्या ग्रंथालयात मिळेल; तो वाचताना मनात ही शंका जागी ठेवा.

शेवटी ती वाट बघणं संपवलं कशाने? शस्त्राने नाही, शस्त्र केव्हाच येऊन पडलं होतं. संपवलं बदलीच्या हुकमाने. जॅक्सनची नाशकातून बदली झाली. तो गेला असता तर हातातून गेला असता. निरोपाचा कार्यक्रम म्हणून विजयानंदमध्ये देवलांच्या ‘संगीत शारदा’चा प्रयोग ठरला आणि महिनोन्‌महिने लांबलेली गोष्ट काही दिवसांत उरकली गेली. सरकारी बदलीच्या कागदाने कटाची तारीख ठरवली, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

जॅक्सनबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तो संस्कृत जाणणारा होता. भगवानलाल इंद्रजी यांनी अपुरा ठेवलेला गुजरातचा प्राचीन इतिहास मुंबई गॅझेटियरसाठी त्याने पुरा केला. तो खंड आजही संदर्भाला लागतो, माझ्या टेबलावर आहे. त्याच हाताने बाबारावांना काळ्या पाण्याच्या वाटेवर लावलं. सभागृहात त्याला गोळ्या लागल्या तेव्हा तो नाटक बघायला आला होता, मराठी नाटक, त्याला कळणारं. हे दोन्ही एकाच माणसात होतं आणि लिहिताना त्यातलं एक गाळून काम सोपं करण्याचा मोह होतो. व्हायव्हाला बसाल तेव्हा परीक्षक नेमकं गाळलेलंच विचारतात.

हत्येनंतर मात्र सगळं भराभर झालं. २१ डिसेंबरला खून, १९ एप्रिलला फाशी: चार महिन्यांच्या आत. मधेच, १३ मार्च १९१० ला, सावरकरांना लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक झाली. कागदाच्या पट्टीवर हा भाग इतका दाट भरतो की अक्षर बारीक करावं लागतं. सरकारची फाइल माणूस मेल्यावर जागी होते. त्याआधीचे महिने तिच्यात कोरे असतात. म्हणून माझ्या भिंतीवरच्या पट्टीत मार्च ते जून १९०९ या जागेत अजून पेन्सिलीचं एक प्रश्नचिन्ह आहे, आणि आणखी एक जुलै ते नोव्हेंबरच्या मधे.

परवा स्कॅन आले. साठांपैकी एकेचाळीस पानं. उरलेल्यांसाठी नवी मागणी नोंदवावी, असं सोबतच्या पत्रात होतं. नोंदवली आहे.