व्यायामाची मात्रा आणि कुमारवय

मुलांच्या व्यायामाविषयीं वाद निघाला म्हणजे दोन प्रकारचीं प्रमाणें पुढें केलीं जातात. एक पक्ष वाग्भटाचें वचन दाखवून बालांस व्यायाम वर्ज्य आहे असें म्हणतो. दुसरा मल्लविद्येच्या ग्रंथांकडे व तालमींच्या परंपरेकडे बोट दाखवितो. प्रस्तुत लेखांत आम्ही या प्रमाणांची छाननी करून त्यांचा मेळ कितपत बसतो तें पाहणार आहों.

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांत (अध्याय २) वातपित्ताचे रोगी, बाल, वृद्ध व अजीर्ण झालेला मनुष्य यांनीं व्यायाम टाकावा असें सांगितलें आहे. बाल कोणास म्हणावें याचा निर्णय सुश्रुताच्या सूत्रस्थानांत (अध्याय ३५) आहे : सोळा वर्षें पुरीं न झालेला तो बाल, पुढें विसाव्या वर्षापर्यंत वृद्धि व तिसाव्यापर्यंत यौवन. हीं दोन वचनें नुसतीं जोडलीं तर पंधरा वर्षांच्या मुलानें व्यायाम करूंच नये असा अर्थ निघतो. तो आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

कारण वाग्भट तेथें ज्या व्यायामाविषयीं बोलतो तो बलवान् व स्निग्ध भोजन करणाऱ्यांनीं, थंडींत व वसंतांत, अर्ध्या शक्तीनें करावयाचा आहे. या अर्ध्या शक्तीची खूण सुश्रुतानें चिकित्सास्थानांत (अध्याय २४) दिली आहे : हृदयस्थ वायु मुखाशीं येऊं लागला, म्हणजे धाप लागूं लागली, कीं अर्धें बल खर्च झालें असें समजावें. वय, बल, शरीर, देश, काल व आहार पाहून व्यायाम करावा, असेंही तेथेंच म्हटलें आहे. वयावरून जर मात्रा ठरवावयाची, तर बालांविषयींचा निषेध हा विशिष्ट मात्रेचा होय, हालचालीचा नव्हे. हें आमचें अनुमान आहे. वाग्भटाचे शब्द इतकें उघड बोलत नाहींत.

दुसऱ्या पक्षाचें प्रमाणही जपूनच वापरलें पाहिजे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत (इ. स. ११२९) मल्लविनोदाचें प्रकरण आहे. श्रीगोंदेकरांनीं बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत तो ग्रंथ संपादिला. त्यांत मल्लांचे वर्ग वय, शरीर व बल यांवरून पाडले असून त्यांचा आहार व श्रम यांचें वर्णन आहे. परंतु हे मल्ल राजाश्रयानें पोसलेले होते. त्यांच्या खुराकावरून व मेहनतीवरून सामान्य घरांतील मुलाचें मान काढणें युक्त नव्हे.

प्रमेहप्रकरणांत तर व्यायाम हेंच औषध झालें आहे. सुश्रुतानें निदानस्थानांत (अध्याय ६) दिवसा झोप, व्यायामाचा अभाव, आळस आणि मधुर, स्निग्ध व मेद वाढविणारें अन्नपान हीं कारणें दिलीं आहेत. चिकित्सास्थानांत (अध्याय ११) प्रमेही दोन प्रकारचे मानले आहेत : जन्मजात दोषाचा, तो कृश, अपथ्यानें झालेला, तो स्थूल. निर्धन रोग्यानें जोडा व छत्री न घेतां, भिक्षा मागत, एका गांवीं एकच रात्र राहून शंभर योजनें चालावें. कोणीं नांगर धरावा, कोणीं विहीर खणावी. आणि लगेच पुढें, कृशास मात्र सदैव जपावें असें सांगितलें आहे.

प्रमेहाच्या वीस प्रकारांत अनेक मूत्रविकार येतात. म्हणून प्रमेह म्हणजे आजचा मधुमेह, असें सरसकट समीकरण मांडतां येत नाहीं. तथापि कृश व स्थूल हा भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ सालीं सुरू झालेल्या माता-पोषणाच्या अभ्यासांत नवजात बालकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलोग्रॅम भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील बालकांचें ३.५. पुण्याकडील बालकांचे स्नायू बरेच कमी होते, चरबी मात्र त्या मानानें टिकून होती. म्हणजे देह सडपातळ दिसला एवढ्यावरून तो निर्धास्त समजतां येत नाहीं. शिवाय वयांत येतांना इन्सुलिनचा प्रभाव स्वभावतःच कांहींसा मंदावतो, आणि श्रम करणारा स्नायु रक्तांतील साखर इन्सुलिनवांचूनही ओढून घेतो. यास्तव कुमारवयांतील हालचालीस विशेष महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं ५ ते १७ वर्षांच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटें मध्यम वा जोरकस श्रम, व आठवड्यांतून निदान ३ दिवस स्नायूंस बळकटी देणारे श्रम सांगितले. १४६ देशांतील ११ ते १७ वर्षांच्या विद्यार्थ्यांची जी पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली, तीप्रमाणें २०१६ सालीं शेंकडा ८१ जणांचे श्रम रोजच्या या ६० मिनिटांहून कमी होते. अशा काळीं वाग्भटाचें अर्धें वचन दाखवून मुलास बसवून ठेवणें हें ग्रंथासही अन्यायाचें व मुलासही. कृशास जपणें म्हणजे त्याची मात्रा व आहार पाहणें होय.

मोडेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांचें मल्लपुराण सांडेसरा व मेहता यांनीं १९६४ सालीं बडोद्यास प्रसिद्ध केलें. मजुमदारांचा मराठी व्यायामज्ञानकोश त्याच्या आधींच झाला होता. परंतु घरगुती बाडें, वैद्यांच्या वह्या व तालमींचीं टिपणें किरकोळ म्हणून बाजूस पडतात. कोणत्या वयाच्या मुलास किती जोर, किती बैठका व कोणता खुराक, याची नोंद सांपडण्याचा संभव असेल तर अशाच कागदांत. संग्राहकांनीं असें एखादें पान हातीं आल्यास त्यावरील वय व आंकडे जसेच्या तसे उतरून घ्यावे. मोठ्या ग्रंथांनीं मात्रेचें तत्त्व सांगितलें आहे. प्रत्यक्ष व्यवहारांत तें कसें पाळलें जाई, हें या लहान कागदांवरूनच ठरवितां येईल.