एका भागाकाराची कथा

शाळेंतील एखाद्या मुलास आम्हीं असें गणित घातलें कीं, ‘एका तारेस २३० व्होल्टांचा दाब लाविला असतां तिच्यांतून २ अँपिअर प्रवाह वाहतो, तर त्या तारेचा रोध किती आणि तिच्यांत खर्च होणारी शक्ति किती?’ तर तो क्षणार्धांत उत्तर देतो. दाबास प्रवाहानें भागिलें कीं रोध ११५ ओम. दाबास प्रवाहानें गुणिलें कीं शक्ति ४६० वॅट. एक भागाकार व एक गुणाकार, कीं काम झालें. इतकी सोपी गोष्ट शोधून काढण्यास कोणास फारसे श्रम पडले असतील असें त्यास वाटत नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर विद्यार्थिदशेंत आम्हांसहि तसें वाटलें नव्हतें. परंतु धातूंच्या चकत्यांची चळत रचून सतत वाहणारी वीज कशी मिळवावी, हें व्होल्टानें १८०० सालीं जगास सांगितलें, तेव्हांपासून हा भागाकार ग्रंथांत उतरावयास सत्तावीस वर्षें लागलीं. तीं कां लागलीं हें पाहण्यासारखें आहे.

भागाकार करावयाचा तर भाज्य व भाजक दोन्ही हातीं असावे लागतात. अडचण नेमकी तेथेंच होती. विजेचा जोर, तिचा ओघ आणि तारेची आडकाठी ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हेंच त्या काळीं नीट उमगलें नव्हतें. इंग्लंडांत हेन्री कॅव्हेंडिश ह्यानें १७८१ च्या सुमारास हा संबंध बराचसा ताडला होता; पण त्याचें मापनयंत्र म्हणजे त्याचें स्वतःचें शरीर! मिठाच्या पाण्यानें भरलेल्या नळ्यांतून येणारा विजेचा धक्का अंगावर घ्यावयाचा, आणि कोणता धक्का अधिक जोराचा हें ठरवावयाचें. हे कागद त्यानें छापलेच नाहींत. मॅक्सवेलनें ते १८७९ सालीं प्रसिद्ध केले, तेव्हां त्यांचें नुसतें कौतुक करणेंच काय तें उरलें होतें. दरम्यान १८२० सालीं कोपनहेगन येथें अर्स्टेडनें, तारेंतील प्रवाहानें जवळची चुंबकसूची वळते, असें दाखविलें. आणि माणसाच्या अंगाऐवजीं सुईच्या वळण्यावरून ओघ मोजण्याची वाट मोकळी झाली.

त्या वाटेनें गेओर्ग सिमोन ओम निघाला. जर्मनींतील एर्लांगेन येथें कुलपें करणाऱ्या एका कारागिराच्या घरीं १७८९ सालीं त्याचा जन्म झाला. बाप स्वतःच्या बळावर गणित शिकलेला. तेंच त्यानें मुलांस शिकविलें. पुढें ओम कोलोन येथें शाळामास्तर झाला व फावल्या वेळीं शाळेच्या उपकरणांवर प्रयोग करूं लागला. १८२५ सालीं त्यानें छापलेलें पहिलें सूत्र चुकलें. दोष बुद्धीचा नव्हता, चळतीचा होता. व्होल्टाची चळत प्रवाह चालू होतांच मंदावूं लागते. आतां मोजलेला अंक घटकेनें तोच राहत नाहीं. अशा डळमळीत जोरावर तारांची तुलना कशी व्हावी?

तेव्हां पोग्गेनडॉर्फ ह्या विज्ञानपत्राच्या संपादकानें त्यास एक सूचना केली. दोन निरनिराळ्या धातूंच्या सांध्यांत उष्णतेचें अंतर ठेविलें असतां वीज उत्पन्न होते, हें झेबेकनें नुकतेंच शोधलें होतें, ती वापरावी. ओमनें बिस्मथ व तांबें ह्यांचा एक सांधा उकळत्या पाण्यांत ठेविला, दुसरा बर्फांत. जोंवर पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे, तोंवर उष्णतेचें अंतर ढळत नाहीं. म्हणून विजेचा जोरहि ढळत नाहीं. मग सारख्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या; सर्वांत आंखूड २ इंचांची, सर्वांत लांब १३० इंचांची. एकेक तार जोडून त्यानें टांगलेल्या सुईचें वळण मोजलें, आणि १८२६ सालीं नियम हातीं आला. तारेच्या आडकाठींत मंडलाच्या इतर भागाची ठरावीक आडकाठी मिळवावी, आणि त्या बेरजेनें जोरास भागावें. येईल तो प्रवाह.

अर्ध्या पगारावर रजा घेऊन ओम बर्लिनला गेला, व १८२७ सालीं त्याचा ग्रंथ निघाला. विद्यापीठांत जागा मिळेल ही त्याची आशा होती. मिळाली ती टीका. पोल नांवाच्या समीक्षकानें ग्रंथावर कठोर प्रहार केले; त्यांतील गणितहि पुष्कळांस रुचलें नाहीं. ओमनें १८२८ सालीं कोलोनची नोकरी सोडली, आणि १८३३ सालीं न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेंत जागा मिळेपर्यंतचा काळ थोड्याशा तासांच्या शिकवण्यावर काढिला. मध्यंतरीं १८३१ सालीं लाइपझिगच्या फेश्नरनें स्वतः प्रयोग करून त्याच्या नियमास दुजोरा दिला.

आतां राहिला तो गुणाकार. इंग्लंडांत सॅल्फर्ड येथील एका बिअरच्या कारखानदाराचा मुलगा जेम्स जूल ह्यानें तारेचें वेटोळें पाण्यांत बुडवून पाणी किती तापतें तें मोजलें. दर सेकंदास निघणारी उष्णता रोधाच्या प्रमाणांत वाढते, आणि प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. आरंभींचें गणित ह्या रीतीनें करून पाहावें: २ चा वर्ग ४, त्यास ११५ नें गुणिलें कीं ४६०. तेंच उत्तर! कारण प्रवाहास रोधानें गुणिलें असतां दाबच येतो. ओमचा नियम जूलच्या नियमाच्या पोटांत दडलेला आहे.

जूलचा निबंध १८४१ सालीं छापून आला, आणि त्याच वर्षीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें ओमला कॉप्ली पदक दिलें. स्वदेशानें झिडकारलें व परदेशानें उचलून धरलें, असें म्हणण्याचा मोह होतो. पण तो आवरला पाहिजे, कारण फेश्नर जर्मनच होता. म्युनिकच्या विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचें प्राध्यापकपद ओमला १८५२ सालीं मिळालें. १८५४ सालीं तो वारला. १८८१ सालीं पॅरिस येथें भरलेल्या विद्युत्-परिषदेनें ओम, व्होल्ट व अँपिअर हीं मापें मान्य केलीं. १८८९ च्या परिषदेनें वॅट व जूल हींहि स्वीकारलीं. अशा रीतीनें एकमेकांस क्वचितच भेटलेलीं हीं माणसें आज एकाच गणितांत शेजारीं शेजारीं बसलीं आहेत.

घरच्या इस्त्रीवर ‘२३० व्होल्ट, १००० वॅट’ असें लिहिलेलें आढळतें. त्यावरून घरांतील मुलानें प्रवाह सुमारें ४.३५ अँपिअर व रोध सुमारें ५३ ओम असा हिशेब मांडला, तर वडील माणसांनीं त्यास शाबासकी अवश्य द्यावी. मात्र त्याबरोबर हेंहि सांगावें कीं, हा हिशेब होण्यापूर्वीं एका शाळामास्तरास आपलें चुकलेलें सूत्र टाकून पुन्हां आरंभ करावा लागला, व भागाकार करण्याआधीं बर्फ आणि उकळतें पाणी ह्यांच्या योगें भाज्य स्थिर करावें लागलें. उत्तर सोपें आहे. प्रश्न सोपा करण्यांतच त्याचें आयुष्य वेंचलें.