सरळ रेषा वाकडी दिसते? मोतीबिंदू समजून थांबू नका

मालेगावच्या वस्त्यांत काम करताना आम्ही एक वाक्य नेहमी ऐकतो : “मोतीबिंदू असेल, पिकल्यावर बघू.” पण मोतीबिंदूत सगळेच धूसर दिसते. पीतबिंदूच्या झिजेत कडेचे दिसते, समोरच्याचा चेहरा मात्र पुसट होतो. दाराची चौकट, लूमवरचे ताण्याचे धागे वाकडे भासतात. पन्नाशीनंतर धोका वाढतो; विडी-सिगारेटने आणखी.

या आजाराच्या ओल्या प्रकारात डोळ्यातील इंजेक्शनने नजर वाचू शकते. उशीर झाला तर गेलेली नजर सहसा परतत नाही.

तरुणांनो, घरातल्या ज्येष्ठांना एकेक डोळा झाकून चौकट पाहायला लावा. रेषा वाकडी दिसली तर चष्म्याच्या दुकानावर थांबू नका. लगेच नेत्रतज्ज्ञांकडे न्या आणि ‘दृष्टिपटल तपासा’ असे स्पष्ट सांगा.