भिंत ओळखणारा उजेड

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी गॅदरिंगसाठी आम्ही जळगावात लाइट शो करायचं ठरवलं. भाड्याचा प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि भरपूर आत्मविश्वास. अंधार पडल्यावर कॉलेजच्या इमारतीवर अजिंठ्याचा पद्मपाणी सोडला, तर त्याचा चेहरा खांबावर दुमडला आणि एक डोळा खिडकीत शिरला. सगळे पोट धरून हसले. आम्ही भिंतीला पडदा समजलो होतो.

खरं तर उजेडाच्या खेळाची सुरुवात पडद्यापासूनच झाली. 1892 साली कल्याणला महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग आणि जोडीला निवेदन. सिनेमाआधीचा आपला सिनेमाच तो, पण सपाट पडद्यावरचा.

इमारतींची पाळी नंतर आली. 1952 साली फ्रान्समध्ये शाम्बोरच्या राजवाड्यावर दिवे आणि आवाज यांचा खेळ झाला, 1965 साली तो प्रकार दिल्लीच्या लाल किल्ल्यात आला. यात इमारत उजळायची, पण तिच्यावर चित्र नसायचं. 1969 साली डिस्नेलँडमध्ये दगडी वाटणाऱ्या पुतळ्यांवर चेहऱ्यांची फिल्म पाडून त्यांना गायला लावलं. मात्र ही करामत त्या ठरावीक पुतळ्यांपुरतीच.

कुठल्याही आकारावर चित्र चपखल बसवायचं गणित मांडणाऱ्यांत एक नाव आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं आहे: नाशिकचे रमेश रासकर. पुण्याच्या सीओईपीतून इंजिनिअर होऊन ते अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेले. तिथे 1998 पासून सहकाऱ्यांसोबत त्यांनी यावर शोधनिबंध लिहिले. 2001 च्या 'शेडर लॅम्प्स'मध्ये ताजमहालाची एक पांढरी प्रतिकृती होती. तिच्यावर प्रोजेक्टरने उजेड टाकला, की संगमरवर, सावल्या, उन्हाचा कललेला कोन, सगळं त्या कोऱ्या ठोकळ्यावर उमटायचं.

युक्ती अशी, की प्रोजेक्टर म्हणजे उलटा कॅमेरा. कॅमेरा जगातला बिंदू पिक्सेलवर आणतो, प्रोजेक्टर पिक्सेल जगात नेऊन ठेवतो. वास्तूवरचे किमान सहा बिंदू, सगळे एकाच प्रतलात नसलेले, अचूक मोजले आणि ते कुठल्या पिक्सेलवर येतात हे नोंदवलं, की एक मॅट्रिक्स मिळतं. मग चित्र खांबापाशी दुमडत नाही, खांबासारखं वळतं. म्हणजे आधी मोजणी, मग रोषणाई. आम्ही नेमकी मोजणीच गाळली होती.

धुळ्याला जाताना वाटेत पारोळा लागतं, की मला हे हमखास आठवतं. तिथला भुईकोट किल्ला बाजारपेठेला खेटून उभा आहे. उद्या त्यावर कुणी शो केला तर गर्दी होईल, रील्स निघतील आणि अर्ध्या तासात दिवे विझतील. पण शोसाठी केलेलं थ्रीडी स्कॅन मागे उरू शकतं. उद्या बुरूज ढासळला, तरी तो कसा होता हे त्यावरून दगडादगडानिशी सांगता येईल.

याच जिल्ह्यात फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. त्यासाठी नंदलाल बोसांनी बांबूसारख्या साध्या, स्थानिक साहित्यातून अख्खं नगर सजवलं होतं. आज ते उभं नाही. बांबू मोजून ठेवायची सोय तेव्हा नव्हती. आपल्याला ती आहे.

म्हणून कुणी गावात लाइट शो आणतोय असं कळलं, की मी आता प्रोजेक्टर किती ल्युमेनचा हे विचारत नाही. शो संपल्यावर स्कॅनची फाइल कुणाकडे राहणार, एवढंच विचारतो.