माऊस हलवला की इंटरनेट का तुटायचं? जुन्या कार्डांमधलं ‘आयआरक्यू’चं भांडण आणि त्यावरचा उपाय

१९९०च्या दशकात कॉम्प्युटर वापरणाऱ्या अनेकांनी हे पाहिलंय. नवं मॉडेम कार्ड बसवलं, फोन लागला, कनेक्शन मिळालं आणि माऊस हलवताच सगळं ठप्प. मॉडेमही चांगलं, माऊसही चांगला. मग बिघाड कुठे होता?

आयआरक्यू म्हणजे काय?

कीबोर्डचं बटण दाबलं किंवा मॉडेमवर डेटा आला, की प्रोसेसरचं लक्ष वेधावं लागतं. त्यासाठी पाठवलेला संकेत म्हणजे इंटरप्ट, आणि तो ज्या तारेवरून जातो तिचा क्रमांक म्हणजे आयआरक्यू. १९८१च्या आयबीएम पीसीत इंटेलची ८२५९ ही चिप अशा आठ तारा सांभाळायची. १९८४च्या पीसी एटीमध्ये दुसरी ८२५९ आली, पण तिला जोडण्यातच पहिलीची एक तार खर्च झाली. उरल्या १५.

त्यातल्या बऱ्याच आधीच वाटलेल्या होत्या : टायमरला ०, कीबोर्डला १, कॉम-२ ला ३, कॉम-१ ला ४, फ्लॉपीला ६, प्रिंटरला ७. कॉम-३ ला वेगळी तार नव्हतीच, तोही ४ वापरायचा. म्हणून कॉम-१ वरचा माऊस आणि कॉम-३ वरचं मॉडेम एकमेकांच्या आड यायचे.

एक तार दोघांत का चालत नाही?

जुन्या आयएसए स्लॉटमध्ये संकेत ‘खालून वर’ जातो तो क्षणच मोजला जातो. एका कार्डाने तार आधीच वर धरली असेल, तर दुसऱ्याची हाक ऐकूच जात नाही. शिवाय एक कार्ड तार वर ओढतं आणि दुसरं खाली, तेव्हा संकेत धड कोणाचाच पोहोचत नाही.

आधी सोपे उपाय

कार्डावर जम्पर असेल तर तो दुसऱ्या क्रमांकावर लावा. न वापरलेला सीरियल किंवा प्रिंटर पोर्ट बायोसमधून बंद केला की त्याची तार बहुतेक वेळा मोकळी होते. एवढ्याने बहुतेक भांडणं मिटतात.

जम्परच नसेल तर?

मग कार्डातच बदल करावा लागतो. आयएसए कार्डाच्या सोल्डरच्या बाजूला, मागच्या पत्र्याकडून मोजत गेलं, तर २१ ते २५ क्रमांकाच्या सोनेरी पट्ट्या म्हणजे अनुक्रमे आयआरक्यू ७, ६, ५, ४ आणि ३.

कार्डाला इंटरप्टची गरजच नसेल, तर त्या पट्टीवर पातळ कॅप्टॉन टेप लावणं पुरतं. टेप काढली की कार्ड पूर्वीसारखं.

क्रमांक बदलायचा असेल, तर पट्टीकडून चिपकडे जाणारी तांब्याची रेघ धारदार ब्लेडने कापतात आणि चिपकडच्या टोकापासून मोकळ्या क्रमांकाच्या पट्टीपर्यंत बारीक वायर सोल्डर करतात. वायर पट्टीच्या वरच्या टोकाला जोडावी, स्लॉटमध्ये जाणाऱ्या भागावर नाही. कापण्याआधी आणि जोडल्यावर मल्टिमीटरने तपासणी हवीच. काही कार्डांवर न वापरलेल्या पट्ट्या छापलेल्याच नसतात, तिथे हा मार्ग बंद.

ड्रायव्हरलाही नवा क्रमांक सांगावा लागतो. क्रमांक प्रोग्रॅममध्येच पक्का लिहिलेला असेल, तर सगळी मेहनत वाया जाते.

आज याचा उपयोग काय?

पीसीआय स्लॉटमध्ये एक तार अनेक कार्डांना वाटून घेता येते. आजची बहुतेक कार्डं तर तारेऐवजी मेमरीत संदेश लिहूनच प्रोसेसरला हाक मारतात. पण जुने कॉम्प्युटर जपणाऱ्यांसाठी आणि आयएसए कार्डावर चालणाऱ्या जुन्या यंत्रांसाठी हा प्रश्न अजून जिवंत आहे. असं कार्ड जळलं तर तसंच दुसरं मिळेलच असं नाही. म्हणून कापण्याआधी फोटो काढा आणि बदललेला क्रमांक कार्डावर चिकटवून ठेवा. पुढे ते हाताळणाऱ्याला दुसरा कोणताही पुरावा मिळणार नाही.