माळ्यावरचा राउटर आणि नवा लॅपटॉप



दशलक्षण पर्वाच्या आधी घर आवरायला काढलं की माळ्यावरून काहीतरी खाली येतंच. यंदा राउटर आला. २००५ च्या सुमाराचा, दोन अँटेनांचा. वायर जोडली तर सगळे दिवे लागले. सासूबाईंच्या मागच्या खोलीत सिग्नल पोचत नाही, ऑनलाइन प्रवचन अर्ध्यावर अडकतं, म्हणून हा तिथे लावावा असं ठरवलं. पण नव्या लॅपटॉपवर त्याचं सेटिंगचं पानच उघडेना. सोबतची सीडी जपून ठेवलेली, पण लॅपटॉपला सीडीची जागाच नाही. मुलगा म्हणाला, "आई, टाकून दे ना." दिवे लागणारी वस्तू टाकायची कशी? म्हणून हे असं का झालं ते वाचत बसले.

बिनतारी इंटरनेटची वाट मोकळी झाली १९८५ मध्ये. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने काही लहरींचे पट्टे विनापरवाना वापरायला दिले. त्यातल्या एका पट्ट्यात आपल्या स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही चालतो. १९९७ मध्ये ८०२.११ हे पहिलं मानक आलं, १९९९ मध्ये ८०२.११बी. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यूयॉर्कला ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनी लॅपटॉपवर इंटरनेट चालू असताना तो हुलाहूपच्या कड्यातून फिरवून दाखवला. कुठे तार नाही हे लोकांना पटावं म्हणून! त्या लॅपटॉपच्या जोडीला ‘एअरपोर्ट’ नावाचा उडत्या तबकडीसारखा डबा होता, किंमत २९९ डॉलर. आपल्याकडे २००५ मध्ये सरकारने या पट्ट्याला ठरावीक शक्तीपर्यंत परवान्यातून सूट दिली.

माझ्या प्रश्नाचं उत्तर या एअरपोर्टच्या गोष्टीत सापडलं. बहुतेक कंपन्यांच्या राउटरचं सेटिंग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असा पत्ता टाकून उघडायचं. एअरपोर्टला असं पान नव्हतं. संगणकावर त्याचं खास सॉफ्टवेअर असलं तरच तो बोलायचा. तेव्हा तेच सोपं वाटलं, आकडे पाठ करायला नकोत. पण जानेवारी २०१२ मध्ये त्या सॉफ्टवेअरची सहावी आवृत्ती आली आणि तिने ८०२.११बी आणि जी पिढीचे डबे ओळखायचंच सोडलं. त्यांच्यासाठी जुनी ५.६ आवृत्ती होती, पण त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आलेल्या नव्या मॅक प्रणालीत तिला जागा नव्हती. म्हणजे २००७ मध्ये डबा घेतलेल्याचा पाच वर्षांत पेच झाला. डबा ठणठणीत, घरभर इंटरनेट देतोय, पण पासवर्ड बदलायचा तर दार बंद. कित्येकांनी केवळ एवढ्या कामासाठी एकेक जुना लॅपटॉप जपून ठेवला. २०१८ मध्ये कंपनीने राउटर बनवणंच थांबवलं.

ब्राउझरवाल्या राउटरांचंही फार बरं झालं नाही. काहींची पानं जावा किंवा इंटरनेट एक्सप्लोररच्या भरवशावर बांधलेली. क्रोमने २०१५ मध्ये तसले जोडभाग बंद केले, इंटरनेट एक्सप्लोररला २०२२ मध्ये निरोप मिळाला. २०२० मध्ये ब्राउझरांनी जुन्या पद्धतीची सुरक्षित जोडणीही नाकारायला सुरुवात केली.

मला आधी हा सगळा कंपन्यांचा नवं विकण्याचा डाव वाटला. थोडा आहेही. पण पूर्ण तसं नाही, आणि हे नीट वाचा, कारण यात आपल्या घरातल्या बँकेच्या व्यवहारांचा प्रश्न आहे. सुरुवातीच्या राउटरांना ‘वेप’ नावाचं कुलूप होतं. तारेइतकी खासगी जोडणी, असा त्याच्या नावाचा अर्थ. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी त्याच्या मुळातला दोष दाखवला, आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी ते मिनिटाच्या आत उघडून दाखवलं. २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं, जुन्याच यंत्रावर चालावं असं बेतलेलं. म्हणजे उसवलेल्या शिवणीवर ठिगळ. पुढच्या वर्षी डब्ल्यूपीए२ आलं ते खरं नवं कुलूप. म्हणून आज आयफोन जुन्या जोडणीला ‘कमकुवत सुरक्षा’ म्हणतो, विंडोजही इशारा देतं. हा इशारा बंद कसा करायचा असं मला कोणी विचारलं तर मी सांगणार नाही.

एक सुखद वळणही आहे. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स होतं. लोकांनी परवान्यावर बोट ठेवल्यावर २००३ मध्ये त्याचा आराखडा खुला करावा लागला, आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. जुन्या डब्यांना लोकांनीच नवं आयुष्य दिलं. पण तिथेही मर्यादा आलीच. चार एमबीच्या साठवणीत आजचं सॉफ्टवेअर मावत नाही. वस्तू तीच, पर्याय बदलले, हे स्वाध्यायात नेहमी ऐकतो. इथे डोळ्यांनी दिसलं.

तर माझा डबा. सासऱ्यांचा जुना लॅपटॉप, बॅटरी गेलेली, चार्जर लावून सुरू केला. इंटरनेटला न जोडता, राउटरला तारेने जोडला, आणि पान उघडलं! (तुम्ही करणार असाल तर हाताशी असा जुना संगणक असल्याशिवाय रिसेटचं बटण दाबू नका. आहे ते सेटिंगही जाईल आणि नवं करता येणार नाही.) आत पाहिलं तर डब्ल्यूपीए२ नव्हतंच. मग त्याचं वायफाय बंदच करून टाकलं. पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, तेही बंद केलं आणि त्याचा स्वतःचा पत्ता बदलला, नाहीतर नव्या राउटरशी भांडतो. आता तो नुसता तारांचा जोडडबा आहे. पुढच्या राउटरपासून एक तार भिंतीच्या कडेने त्याच्यापर्यंत नेली, आणि त्याच्यातून दुसरी सासूबाईंच्या टीव्हीला.

सकाळचं प्रवचन आता अडकत नाही. तार मात्र दारातून जाते, आणि सासूबाई रोज म्हणतात, "अगं, पाय अडकेल कोणाचा." रविवारी पट्टी ठोकून घेणार आहे.