बाभळीचं देवघर

नांदेड जिल्ह्यातल्या हदगावच्या कुठल्याही शिवारात उभं राहा, बांधावर एक तरी बाभूळ दिसणारच. सावली विरळ, काटा चपलेच्या आरपार जाणारा. गाडीच्या चाकाला, औताला, कुऱ्हाडीच्या दांड्याला तिचं लाकूड चालतं. शेंगा शेळ्यांना, काडी दात घासायला आणि काटेरी फांद्या कुंपणाला. एवढी कामाची असूनही देवाधर्माच्या कामी तिला कुणी बोलावत नाही. तिथं मान चंदनाचा आणि उंबराचा.

मराठी ‘पवित्र शास्त्रा’तलं ‘निर्गम’ हे पुस्तक वाचताना म्हणूनच माणूस थबकतो. मिसरातून सुटून रानोमाळ भटकणाऱ्या इस्राएल लोकांना देव आपल्यासाठी घर करायला सांगतो, आणि त्या घराचं लाकूड असतं बाभळीचं. आज्ञांच्या पाट्यांचा कोश बाभळीचा, मेज बाभळीचं, वेदी बाभळीची, भिंतीच्या 48 फळ्याही बाभळीच्या. वरून सोन्याचा किंवा पितळेचा पत्रा, आत बाभूळच. सीनायच्या वाळवंटात दुसरं धड लाकूड मिळतही नव्हतं. मूळ हिब्रू शब्द ‘शिट्टीम’. 1611 च्या इंग्रजी बायबलाने तो तसाच ठेवला, त्यामुळे लंडनच्या वाचकाला ते कुठलं तरी दूरदेशीचं अनोळखी लाकूड वाटत राहिलं. आजच्या मराठी बायबलात सरळ बाभूळ आहे. तिथली आणि आपली जात वेगळी असली तरी कूळ एकच. हदगावच्या शेतकऱ्याला हे घर कसल्या लाकडाचं ते समजावून सांगावं लागत नाही.

माप हातात दिलं आहे, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. कोश अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. भोवतालचं अंगण 100 हात बाय 50 हात, कनातीने वेढलेलं. हिशोब केला तर ते अंगण जेमतेम दहा गुंठे भरतं. ज्या देवाने समुद्र दुभंगला म्हणतात, त्याचं सगळं बिऱ्हाड दहा गुंठ्यांत! तेही उचलून नेण्याजोगं: मेखा, तणावे, फळ्या, पडदे असं सगळं सुटं. कोणी काय वाहायचं हेही ठरलेलं. लेवी वंशातल्या एका घराण्याकडे पडदे, दुसऱ्याकडे फळ्या आणि खांब, तिसऱ्याकडे आतल्या पवित्र वस्तू, त्या मात्र खांद्यावरूनच न्यायच्या. त्या घरावर उतरलेला देवाचा ढग हलला की तळ हलायचा. मंडप ठोकणारी पोरं लग्न उरकल्यावर जे काम अर्ध्या रात्रीत करतात, ते हे लोक देवाच्या घरासाठी करत होते.

या घराला मराठीत दोन नावं आहेत: निवासमंडप आणि दर्शनमंडप. हिब्रूतही दोन आहेत. ‘मिश्कान’ म्हणजे राहण्याची जागा, आणि ‘ओहेल मोएद’ म्हणजे ठरल्या वेळी भेटण्याचा तंबू. पहिल्याचं मराठी चोख उतरलं आहे. दुसऱ्याचं सुंदर उतरलं, पण थोडं वाकडं. ‘दर्शनमंडप’ म्हटलं की हदगावच्या वारकऱ्याच्या डोळ्यांपुढे पंढरपूरची रांग उभी राहते. तिथल्या इमारतीचं नावच ते आहे. रांगेच्या शेवटी विठोबा दिसतो. निर्गमातल्या मंडपाच्या शेवटी काहीच दिसत नाही. कोशावर दयासन नावाचं झाकण, त्यावर पंख पसरलेले दोन करूब, म्हणजे देवदूत, आणि त्यांच्या मधे रिकामी जागा. देव बोलणार तो त्या रिकाम्या जागेतून. तिथं दर्शन नाही, भेट आहे, आणि भेट कानाची आहे. ‘दर्शन’ या शब्दाने मराठी वाचकाला मंडपाच्या दारापर्यंत आणून सोडलं. आत गेल्यावर त्याचा अपेक्षाभंग होणार हे शब्द निवडणाऱ्यांना जाणवलं असेल का, असं मला नेहमी वाटतं.

हे शब्द एका दिवसात घडले नाहीत. 1616 मध्ये गोव्यात फादर स्टीफन्सने ‘ख्रिस्तपुराण’ रचून जुन्या करारातल्या कथा ओवीत आणल्या. विल्यम केरीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने बंगालात श्रीरामपूरला मराठी नवा करार छापला तो 1811 चा, अक्षरं मोडी. अमेरिकन मिशनरी मुंबईत 1813 ला पोचले; त्यांचा नवा करार 1826 मध्ये निघाला, आणि अख्खं मराठी बायबल 1847 मध्ये. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनात पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून पुन्हा पहिल्यापासून भाषांतराला बसल्या. सामान्य बायकांना कळेल अशी मराठी हवी, हा त्यांचा आग्रह. 1922 मध्ये त्या वारल्या. छापलेलं पुस्तक 1924 मध्ये बाहेर आलं.

गंमत म्हणजे ज्यांच्या पूर्वजांची ही कथा, ते लोक तोवर कितीतरी शतकं मराठीच बोलत होते. कोकणातले बेने इस्राएल तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनने 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. धर्मांतराचा हेतू त्यात होताच. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला.

ख्रिस्ती अर्थ या मंडपाला कुठून चिकटला? त्याचं मूळ नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्रा’त आहे. लेखकाचं म्हणणं असं की, इस्राएलांचा पुढारी मोशे याने उभारलेला मंडप ही छाया आहे आणि खरी वस्तू स्वर्गात आहे. वर्षातून एकदा, एकटा महायाजक रक्त घेऊन पडद्याआड जाई. ख्रिस्त एकदाच गेला, तो स्वतःचं रक्त घेऊन. त्याआधी अलेक्झांड्रियाच्या फिलो या यहुदी तत्त्वज्ञाने पडद्याच्या चार रंगांत पृथ्वी, पाणी, वायू आणि अग्नी पाहिले होते. ख्रिस्ती पंडितांनी ती खोड उचलली आणि मग थांबेचनात. ओरिगेनने प्रवचनं दिली, आठव्या शतकात इंग्लंडच्या बीडने या मंडपावर वेगळं पुस्तकच लिहिलं. बाभळीचं लाकूड म्हणजे ख्रिस्ताचं माणूसपण, वरचं सोनं म्हणजे त्याचं देवपण. मेज म्हणजे जीवनाची भाकर, दीपवृक्ष म्हणजे जगाचा प्रकाश, पितळी गंगाळ म्हणजे बाप्तिस्मा. यातलं काही मनाला पटतं. पण एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांत खुंटीखुंटीचा अर्थ लावलेला पाहिला की वाटतं, मेख ही तंबू उडू नये म्हणूनही ठोकतात.

मला सगळ्यांत खरा वाटतो तो शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाचा एक शब्द. ‘शब्द’, म्हणजे ख्रिस्त, देहधारी झाला हे सांगताना त्याने ग्रीक क्रियापद वापरलं ते ‘तंबू टाकला’ अशा अर्थाचं. मराठी बायबलात तिथं ‘वस्ती’ आहे. शहरातल्या वाचकाला वस्ती म्हणजे घरांची दाटी. आमच्याकडे रानात मेंढरं बसवायला आलेला धनगर वस्ती करतो: चार काठ्या, एक पाल, तीन दगडांची चूल, आणि चार दिवसांनी पुढचं रान. योहानाला म्हणायचं होतं ते बहुधा याच्या जवळचं. देव आला तो वाडा बांधायला आला नाही, पाल ठोकून आपल्यात राहिला.

आणि तो पडदा. मंडपाची दोन दालनं, बाहेरचं पवित्रस्थान आणि कोश असलेलं परमपवित्रस्थान, यांच्या मधल्या पडद्याला मराठी निर्गमात ‘अंतरपट’ म्हटलं आहे. आपल्याला तो लग्नातला ठाऊक. मंगलाष्टकं संपेपर्यंत दोघांच्या मधे धरलेला, मग बाजूला सरतो आणि नजरानजर होते. निर्गमातला अंतरपट सरकत नाही. पलीकडे एकच माणूस जाणार. नांदेडकरांना हे परकं वाटू नये: सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यातल्या अंगीठा साहिब या आतल्या दालनात सेवेसाठी मुख्य पुजारीच जातात, बाकीची संगत बाहेरून माथा टेकते. येशूने क्रुसावर प्राण सोडला तेव्हा मंदिरातला हाच पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असं मत्तय आपल्या शुभवर्तमानात सांगतो. पण तिथं मराठीत ‘अंतरपट’ नाही, ‘पडदा’ आहे. ग्रीक बायबलात दोन्हीकडे शब्द एकच. मराठीत तो धागा तुटला, आणि अंतरपट सरला हे मराठी मनाला सगळ्यांत नेमकं कळलं असतं.

शब्द तुटला तरी अर्थ पोचला असावा, कारण ऐकणारे कोण होते ते पाहायला हवं. मराठवाडा तेव्हा निजामाचा. 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे जालन्याकडे आले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी ख्रिस्ती गाव वसवलं. नाव ठेवलं बेथेल, म्हणजे देवाचं घर. स्वतः शेषाद्री ब्राह्मण घरातले. गावात येऊन राहिले ते बहुतेक मांग आणि महार. बीदर-उदगीरकडे मेथडिस्ट मिशन गेलं, तिथंही मंडळी उभी राहिली ती मुख्यतः याच वाड्यांतून. या लोकांना गाभारा सोडाच, देवळाची पायरी बंद होती. पंढरपूरचं दार उघडायला साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं. त्याआधी कितीतरी वर्षं मराठवाड्यातल्या एखाद्या पाळकाने रविवारी उपासनेत वाचलं असेल की आतला पडदा फाटला, आणि तोही वरून खाली, म्हणजे माणसाच्या हाताने नव्हे. ओरिगेनचा अर्थ त्या बाकांवर कुणाला ठाऊक नव्हता, तशी गरजही नव्हती. पुढे त्याच मंडळींत जुन्या जातीच्या भिंती लग्नं जुळवताना पुन्हा उभ्या राहिल्या, हेही खरं आहे.

मंडप आणखी एका रूपात भेटतो: गोव्याच्या चर्चमध्ये वेदीजवळ एक छोटी नक्षीदार पेटी असते, तिच्याशेजारी दिवा तेवत असतो. आत पवित्र भाकर. त्या पेटीचं लॅटिन नावही मंडपाचंच, अर्थ ‘छोटा तंबू’. दहा गुंठ्यांचं बिऱ्हाड अखेर हातभर कपाटात आलं.

मूळ मंडपाचं काय झालं? तो शिलो इथं बरीच वर्षं उभा होता. पुढे शलमोनाने यरुशलेमेत आतून गंधसरूने मढवलेलं मंदिर बांधलं आणि कोश तिथं नेऊन ठेवला. आता हलायचं नव्हतं. पण कोशाच्या कड्यांत घातलेले वाहण्याचे दांडे कधीच काढायचे नाहीत, असा निर्गमातला जुना नियम होता. तो मंदिरातही पाळला गेला. राजांच्या पुस्तकात नोंद आहे की ते दांडे इतके लांब होते की आतल्या दालनासमोर पवित्रस्थानात उभं राहिलं की त्यांची टोकं दिसत. तेही बाभळीचेच होते.